घराला रंग काढताय? किती लिटर लागेल, त्याचा हिशेब आधी घरीच करा

रमजान जवळ आला, घरात निकाह ठरला किंवा गावचं जुनं घर सुट्टीसाठी उघडायचं म्हटलं, की पहिला विषय निघतो तो रंगाचा. रंगारी येतो, खोल्यांवरून एक नजर फिरवतो आणि सांगतो, "वीस लिटरची एक बादली आणि वर चार लिटर घ्या." आपण मान हलवतो. दुकानदार बिल करतो. पुढे दोनपैकी एक गोष्ट ठरलेली: एक तर रंग उरतो आणि माळ्यावर वाळून जातो, नाही तर ऐन वेळी कमी पडतो.

आमच्या घरी दुसरी गोष्ट झाली. लेकीच्या निकाहला चार दिवस असताना हॉलची शेवटची भिंत अर्धी राहिली. धावपळ करून त्याच नंबरचा रंग आणला, पण वाळल्यावर भिंतीवर सरळ रेघ दिसू लागली, अर्धी एका छटेची आणि अर्धी दुसऱ्या. पाहुण्यांच्या फोटोत आजही ती रेघ दिसते. रंगारी म्हणाला दुकानदाराची चूक, दुकानदार म्हणाला रंगाऱ्याची. खरं सांगायचं तर चूक आमचीच होती, कारण माप कोणीच घेतलं नव्हतं.

म्हणून हा लेख. यातला हिशेब आठवी-नववीतली मुलंही करू शकतील. लागते फक्त मोजपट्टी, वही आणि अर्धा तास.

आधी माप

रंगाचा हिशेब चौरस फुटांवर चालतो. काही जुने रंगारी "ब्रास"मध्ये बोलतात. रंगाच्या कामात एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. कंपन्यांच्या माहितीत कधी चौरस मीटर असतं. १ चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौरस फूट.

एका खोलीचं माप असं काढा:

१. खोलीची लांबी आणि रुंदी मोजा. दोन्हींची बेरीज करून दुप्पट करा. हा झाला चारही भिंतींचा घेर.

२. घेराला उंचीने गुणा. हे भिंतींचं एकूण क्षेत्रफळ.

३. दारं, खिडक्या, टाइल्स, भिंतीत पक्कं बसवलेलं कपाट, म्हणजे जिथे रंग लागणार नाही ती जागा वजा करा.

४. छताचं माप वेगळं लिहा: लांबी गुणिले रुंदी. छत बहुधा पांढरं असतं आणि रंगही वेगळा लागतो, म्हणून ते भिंतींत मिसळू नका.

इथे एक चूक हमखास होते. ९ फूट ६ इंच म्हणजे ९.६ नव्हे, ९.५ फूट. फुटाचे इंच बारा असतात, दहा नाहीत. ३ इंच म्हणजे ०.२५, ६ इंच म्हणजे ०.५, ९ इंच म्हणजे ०.७५. एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

कोकणातल्या कौलारू किंवा पत्र्याच्या घरात बाजूच्या भिंतींवर त्रिकोण असतो. त्याचं माप: पाया गुणिले उंची, भागिले दोन. माळा असेल तर त्याच्या खालची बाजू आणि समोरची पट्टी धरायला विसरू नका. खिडकीच्या आत भिंतीची जी जाडी दिसते, तिलाही रंग लागतो. म्हणूनच लहानसहान झरोके वजा न केलेलेच बरे. तेवढा रंग त्या कडांमध्येच जातो.

एका लिटरमध्ये किती भिंत होते?

हे प्रत्येक डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. मात्र वाचताना एक गोष्ट नीट बघा: आकडा एका हाताचा आहे की दोन हातांचा? रंगारी ज्याला "हात" म्हणतात तो म्हणजे कोट. एका हाताचा आकडा दोन हातांचा समजून खरेदी केली, तर रंग निम्म्यावरच संपतो.

डबा समोर नसेल तर अंदाजापुरते हे आकडे धरा:

- घरातल्या भिंतींचा इमल्शन रंग, दोन हात: लिटरमागे सुमारे १०० चौरस फूट. भिंत गुळगुळीत असेल तर जास्त, खरबरीत असेल तर कमी.
- बाहेरच्या भिंतींचा रंग, दोन हात: लिटरमागे सुमारे ५० चौरस फूट. बाहेरचं प्लॅस्टर खरबरीत असतं, ते रंग पितं.
- प्रायमर, एक हात: लिटरमागे सुमारे १२० चौरस फूट.
- पुट्टी, पूर्ण भिंतीवर दोन हात: किलोमागे सुमारे १२ चौरस फूट.
- दार-ग्रिलचा ऑइल पेंट, एक हात: लिटरमागे सुमारे १३० चौरस फूट.

डब्यावर वेगळा आकडा असेल तर डब्यावरचाच घ्या. पण तो आकडा चांगल्या, सपाट भिंतीवरचा असतो हे लक्षात असू द्या. जुनी, पोपडे निघालेली भिंत तेवढा हिशेब देत नाही.

डब्यावर जो लिटरचा हिशेब असतो, तो डब्यातल्या मूळ रंगाचा. इमल्शनमध्ये पाणी घालूनच काम करतात. किती घालायचं तेही डब्यावर लिहिलेलं असतं. त्याहून जास्त पाणी घातलं तर रंग पुरल्यासारखा वाटतो, पण भिंत झाकली जात नाही. मग तिसरा हात मारावा लागतो आणि वाचवलेलं सगळं तिथेच जातं.

एका घराचा पूर्ण हिशेब

मुंब्रा, भिवंडी, मिरज, मालेगाव, कुठेही सापडेल असं एक वन बीएचके घर घेऊ. उंची ९ फूट. दार ३ बाय ७, म्हणजे २१ चौरस फूट.

हॉल १५ बाय १०: घेर ५० फूट. ५० गुणिले ९ म्हणजे ४५०. यातून मुख्य दार, बेडरूमचं दार, बाथरूमचं दार आणि किचनची मोकळी चौकट, अशा चार जागा मिळून ८४, आणि ६ बाय ४ ची खिडकी २४, असे १०८ वजा. उरले ३४२. छत १५०.

बेडरूम १२ बाय १०: घेर ४४. ४४ गुणिले ९ म्हणजे ३९६. दार २१, खिडकी ४ बाय ४ म्हणजे १६, पक्कं कपाट ५ बाय ७ म्हणजे ३५, असे ७२ वजा. उरले ३२४. छत १२०.

किचन १० बाय ८: घेर ३६. ३६ गुणिले ९ म्हणजे ३२४. चौकट २१, खिडकी ३ बाय ४ म्हणजे १२, ओट्याच्या १० फुटी भिंतीवर जमिनीपासून ५ फुटांपर्यंतचा ओट्याचा आणि टाइल्सचा भाग ५०, असे ८३ वजा. उरले २४१. छत ८०.

भिंतींची बेरीज ९०७ चौरस फूट. छतांची बेरीज ३५०. एकूण १,२५७.

आता रंग. भिंती ९०७ भागिले १०० म्हणजे ९.०७ लिटर. सांडलवंड, रोलरला चिकटलेला रंग आणि पुढच्या डागडुजीसाठी दहा टक्के जास्त धरले की ९.९८, म्हणजे १० लिटर. छत ३५० भागिले १००, म्हणजे ३.५ लिटर. दहा टक्के धरून ३.८५, म्हणजे ४ लिटर. इमल्शन बहुधा १, ४, १० आणि २० लिटरच्या पॅकमध्ये मिळतो. म्हणजे एक दहाची बादली आणि एक चारचा डबा. "वीस आणि वर चार"ची गरज या घराला नाही.

पण हा हिशेब सगळ्या भिंती एकाच रंगाच्या असतील तर. प्रत्येक खोलीला वेगळी छटा हवी असेल तर प्रत्येकीचा हिशेब वेगळा होतो: हॉल ३.७६, म्हणजे ४ लिटर. बेडरूम ३.५६, म्हणजे ४ लिटर. किचन २.६५, म्हणजे एक-एक लिटरचे ३ डबे. एकूण ११ लिटर, आणि तीन वेगवेगळ्या रंगांचे उरलेले थोडे थोडे डबे. शिवाय लहान डब्यात लिटरमागे भाव बहुधा जास्त पडतो. मुलांच्या हौसेला आमची ना नाही. फक्त हौसेची किंमत आधी कळावी.

माप घ्यायला वेळच नसेल तर एक ढोबळ युक्ती: घराच्या कार्पेट क्षेत्रफळाला ३.५ ने गुणा, भिंती आणि छत मिळून साधारण तेवढं होतं. वरच्या घरात तीन खोल्यांचं कार्पेट ३५० आहे. ३५० गुणिले ३.५ म्हणजे १,२२५. आपण मोजून काढलेल्या १,२५७ च्या हा आकडा जवळच आहे. मात्र कागदावर बिल्टअप किंवा सुपर बिल्टअप असेल तर तो आकडा घेऊ नका. आणि ही युक्ती अंदाजासाठी आहे, खरेदीसाठी नाही.

पुट्टी आणि प्रायमर कधी, किती?

इथेच बिल फुगतं. भिंत नवीन असेल किंवा जुना चुना-डिस्टेंपर पूर्ण खरवडला असेल, तर सगळीकडे पुट्टी आणि त्यावर प्रायमर लागतो. आपल्या घराला: पुट्टी १,२५७ भागिले १२ म्हणजे साधारण १०५ किलो, म्हणजे ४० च्या दोन गोणी, २० ची एक आणि ५ किलोचं एक पॅक. प्रायमर १,२५७ भागिले १२० म्हणजे १०.५ लिटर, दहा टक्के धरून साधारण १२ लिटर.

पण भिंतीवर आधीच इमल्शन असेल, पोपडे नसतील आणि ओलावाही नसेल, तर भिंत धुऊन-पुसून, पॉलिशपेपर मारून, फक्त भेगा आणि खिळ्यांची भोकं भरली तरी चालतं. तिथे पुट्टी-प्रायमर भरलेल्या जागेपुरतेच लागतात. अशा घरात २० किलोची एक गोणी बहुतेक पुरते. रंगाऱ्याला सरळ विचारा: "भाई, पूर्ण पुट्टी कशासाठी? कुठे लागणार ते दाखवा." चांगला कारागीर भिंतीवर हात फिरवून दाखवेल.

गडद रंगावर फिका रंग द्यायचा असेल तर दोन हातांत तो झाकला जाईलच असं नाही. तिसऱ्या हाताची तयारी ठेवा, म्हणजे त्या भिंतीपुरता रंग दीडपट धरा. किंवा आधी पांढऱ्या प्रायमरचा एक हात मारा. तो बहुधा स्वस्त पडतो.

भिंतीत गळती असेल तर आधी गळती, मग रंग. ओल्या भिंतीवर कितीही लिटर ओता, पहिल्या पावसाळ्यात फुगे येणारच. नवीन प्लॅस्टरलाही किमान चार आठवडे पाणी मारून-सुकवून मगच रंगाला हात घाला.

दारं, चौकटी आणि ग्रिल

दार सपाट दिसलं तरी त्याला कडा असतात. सरकारी बांधकामाच्या मोजणीत यासाठी ठरलेले गुणक आहेत: सपाट फ्लश दाराला प्रत्येक बाजूला १.२०, नक्षीच्या पॅनेलच्या दाराला प्रत्येक बाजूला १.३०. साध्या ग्रिलची लांबी गुणिले रुंदी एकदाच धरतात, त्यात दोन्ही बाजूंचा रंग आला.

आपल्या घरातली दोन लाकडी दारं: २१ गुणिले १.२० गुणिले २ बाजू, म्हणजे ५०.४. दोन दारांचे सुमारे १०१. तीन चौकटी, प्रत्येकी १७ फूट लांब आणि फूटभर घेराच्या, मिळून ५१. एकूण १५२. दोन हात म्हणजे ३०४, भागिले १३० म्हणजे २.३ लिटर. दहा टक्के धरून ३ लिटर घ्या. बाथरूमचं दार प्लास्टिकचं असल्याने ते सोडलं. तीन खिडक्यांचे ग्रिल ५२. दोन हात म्हणजे १०४, दहा टक्के धरून एक लिटर पुरेसा. ग्रिल गंजलेले असतील तर घासून आधी लोखंडाचा प्रायमर लावा.

जुन्या दारांबाबत एक महत्त्वाची गोष्ट. भारतात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं जास्त असू शकतं. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ घरभर उडते, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं. म्हणून जुना रंग पाणी लावून ओला घासायला सांगा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवसांत नातेवाइकांकडे पाठवा, आणि फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. डबा घेताना "लेड-फ्री" लिहिलंय का, तेही बघा.

मशिदीचं किंवा मदरशाचं काम असेल तर

मोहल्ल्याच्या मशिदीला रंग काढायचा म्हटलं की चंदा गोळा होतो, आणि हिशेबाची जबाबदारी जमातीच्या चार माणसांवर येते. लोकांचा पैसा ही अमानत आहे. तिथे तर माप कागदावर हवंच. भिंतींचं माप वरच्यासारखंच, अडतं ते घुमट आणि मिनाराशी.

अर्ध्या चेंडूसारखा घुमट: २ गुणिले ३.१४ गुणिले त्रिज्या गुणिले त्रिज्या. घुमट १२ फूट व्यासाचा असेल तर त्रिज्या ६, म्हणजे २ गुणिले ३.१४ गुणिले ३६, सुमारे २२६ चौरस फूट. गोल मिनार: पट्टी गुंडाळून घेर मोजा आणि उंचीने गुणा. १२ फूट घेर आणि ४० फूट उंची म्हणजे ४८०. दोन्ही मिळून ७०६. बाहेरचा रंग लिटरमागे ५० धरला तर १४.१ लिटर, दहा टक्के धरून साडेपंधरा. म्हणजे १० ची एक बादली, ४ चा एक डबा आणि एक-एक लिटरचे दोन डबे. हा कागद नोटीस बोर्डावर लावला की कोणाला काही विचारायचं राहत नाही.

रंगाऱ्याशी बोलताना

कारागिरावर संशय घ्यावा म्हणून हा हिशेब नाही. उलट, माप स्पष्ट असलं की त्याची मजुरीही वेळेवर आणि पूर्ण मिळते. काम सुरू होण्याआधी एवढं ठरवा:

- माप दोघांनी मिळून घ्या आणि एकाच कागदावर दोघांनी सही करा.
- दर मालासकट आहे की फक्त मजुरीचा, हे लिहा. दार-खिडक्या वजा होणार की नाही, हेही लिहा. भांडणं बहुतेक याच एका ओळीवरून होतात.
- किती हात, कुठे पुट्टी, कुठे प्रायमर, कोणत्या कंपनीचा कोणता रंग, हे नावानिशी लिहा.
- सीलबंद डबे आपल्यासमोर उघडा आणि काम संपेपर्यंत रिकामे डबे ठेवा. काही डब्यांत रंगाऱ्यांसाठी टोकन किंवा कोड असतो. तो त्यालाच द्या, पण आधीच बोलून ठेवा.

खरेदी आणि उरलेला रंग

मशीनवर छटा मिसळलेला रंग दुकानदार सहसा परत घेत नाही. म्हणून छटा आधी पक्की करा: एक लिटर घेऊन भिंतीवर दोन फुटांचा चौकोन रंगवा, दिवसा आणि रात्री दिव्यात बघा, मग बाकीचा रंग घ्या. एका छटेचा सगळा रंग एकाच वेळी घ्या. दोन-तीन डबे असतील तर काम सुरू करण्याआधी मोठ्या बादलीत एकत्र ढवळा, म्हणजे डब्याडब्यातला फरक भिंतीवर उतरणार नाही. हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर ती रेघ टळली असती.

कमी पडेल असं वाटलं तर रंग भिंतीच्या मधोमध संपू देऊ नका. कोपऱ्यापर्यंत येऊन थांबा. नवा डबा पुढच्या पूर्ण भिंतीला वापरा. कोपऱ्यात छटेचा फरक सहसा कळत नाही.

डब्यावरचा छटेचा नंबर फोनमध्ये फोटो काढून ठेवा. उरलेला रंग लहान, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, त्यावर खोलीचं नाव आणि तारीख लिहा. अर्धा लिटर घरात ठेवा, बाकी कोणा गरजवंताला द्या. शेजारच्या एखाद्या खोलीची एक भिंत त्यात सहज होते.

आणि वेळेचं म्हणाल तर, ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, पाऊस मात्र आपल्याच वेळेला येतो. कोकणात बाहेरचा रंग पावसाआधीच उरका, आणि ईद असो वा निकाह, आतलं काम किमान दोन आठवडे आधी संपेल असं बघा. माप घ्यायला घरातल्या मुलांनाच सांगा. एकाने पट्टी धरावी, दुसऱ्याने लिहावं. घेर, उंची आणि वजाबाकी, एवढ्यावर हजारो रुपये वाचतात, आणि निकाहच्या फोटोत भिंत एकाच रंगाची दिसते.